खिडकीतला सांगाडा

जहाजाला आतून फासळ्या असतात, हे मला सगळं लहानपण रत्नागिरीत काढून कळलं नव्हतं. ते कळलं इंदूरमध्ये.

नोकरीसाठी इथे आलो आणि अन्नपूर्णा भागात पुराणिककाकांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. काकांची अट एकच होती, घरात मांसमच्छी नको. समुद्राची फार आठवण यायला लागली म्हणून मी लाकडी जहाज बनवायचा किट मागवला. एका सकाळी मधल्या लांब कण्याला दोन्ही बाजूंनी फासळ्या चिकटवल्या, गोंद वाळायला खिडकीत ठेवलं आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी काका माझ्या दारात उभे.

"भिया, घर देताना मी एकच बात बोललो होतो ना तुम्हाला?"

"हो काका. पाळतोय की मी."

त्यांनी तोंड फिरवूनच खिडकीकडे बोट केलं. "मग एवढी मोठी मच्छी खाल्ली कोणी?"

मी हसू दाबत जहाज त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी वास घेतला, मग चष्मा वर करून एकेक फासळी बोटाने हलवून बघितली.

"हे पाण्यात चालणार?"

"नाही काका, शोकेसमध्ये ठेवायचं."

"आणि हे आतलं कोणाला दिसणार?"

"कोणालाच नाही. वरून लाकडी पट्ट्या लावल्या की सगळं झाकलं जातं."

"त्याला किती टाइम लागतो?"

"महिनाभर तरी."

काकांनी जहाज जपून परत दिलं. "शौक चांगला आहे. पण चमडी आजच चढवा भिया. अंगणातून हे दिसल्यापासून तुमच्या काकू जेवल्या नाहीत."