स्टिक आपटेपर्यंत

सास्काटूनच्या बर्फाच्या रिंकवर, छोट्या स्लेजगाडीत बसून खेळायच्या आइस हॉकीचा सामना चालला होता. कॉफीची रांग काचेला लागूनच, आणि माझ्या पुढं दोघीजणी.

"पडला! माझा टोबिन पडला! स्लेज पार उलटली हो!"

"दिसलं मला. घाबरू नका."

"आणि ती स्लेज ढकलायला ठेवलेली पोरगी? नुसती उभी आहे खांबासारखी!"

"माझीच मुलगी ती. इंग्रिड."

"मग हाक मारा ना! सोळा वर्षांची घोडी, एवढं कळत नाही?"

"कळतं म्हणूनच उभी आहे. खेळाडूनं स्टिक दोनदा बर्फावर आपटली, तरच हात लावायचा. इथं तसंच ठरलंय."

"त्याला पाय हलवता येत नाहीत!"

"हात येतात ना? मागच्या शनिवारी हिनं न विचारता उचललं, तर सामना संपेपर्यंत हिच्याशी बोलला नाही तुमचा लेक."

"मला काही म्हणाला नाही तो."

"तुम्हाला कसं सांगेल?"

"मी जाते खाली."

"थांबा. कुठं बघतोय तो?"

"इकडंच. माझ्याकडं."

"मग पाठ फिरवा."

"काय?"

"तुम्ही बघत असताना त्याला मोकळेपणानं काही करता येणार नाही. फिरवा म्हणते ना!"

"घ्या, फिरवली. आपटली का स्टिक?"

"नाही."

"लागलं असेल त्याला! आता?"

"कोपर टेकवलंय. स्टिक रोवली. घसरला."

"देवा! आणि इंग्रिड?"

"हात मागं बांधून ओठ चावतेय."

"आता?"

"बसला."

"कुणी बसवलं?"

"त्याचा तोच. अजून वळू नका. परत इकडं बघतोय."