मृदा म्हणजे माती न्हाई

मंडळी, मी आज बोलणारच नव्हते. सरांच्या पत्नी, आपल्या काकू, समोर बसल्यात, फोटोला हार घातलाय. पण आत्ता कलेक्टर ऑफिसचे साहेब भाषणात म्हणाले, 'बिराजदार सरांनी आयुष्यभर मातीची सेवा केली.' तेवढ्यानं मी उठले. रागानं उठले.

साहेब, सर फिजिक्स शिकवायचे. फिजिक्स!

कॉलेजात सरांच्या खोलीवर पाटी होती, 'दुर्मिळ मृदा प्रयोगशाळा'. सेरियमसारखे काही धातू आहेत, त्यांना पुस्तकात दुर्मिळ मृदा म्हणतात. तो धातू दुसऱ्या धातूबरोबर वितळवायचा, त्याचा स्फटिक करायचा, अन् त्यातून वीज कशी वाहते ते बघायचं. हे सरांचं काम. एकदा पाटी वाचून औशाचा एक शेतकरी पिशवीत माती घेऊन आला. सर लई हसले. त्याला चहा पाजला अन् म्हणाले, "मामा, ही पाटी धातूची हाय, मातीची न्हाई." मामाला कळलं. तुम्हाला का कळू नये?

लातूर जिल्हा झाला. ऑफिसं आली, जागा पुरेना. त्यातच दुष्काळ. कुणीतरी पाटी वाचली अन् ठरवून टाकलं, इथं मातीच तपासतात ना, मग माती तपासणीचं ऑफिस इथंच! सरांची भट्टी व्हरांड्यात काढली. वर ऐकवलं, "लोकांना प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही पाण्यानं भट्टी थंड करताय?" अहो, एकच पिंप होतं! तेच पाणी फिरवून फिरवून वापरायचे.

सर सांगत राहिले, मृदा म्हणजे माती न्हाई. कोण ऐकतो?

मी त्यांची विद्यार्थिनी. एकदा विचारलं, "सर, इलेक्ट्रॉन जड होतो म्हणजे काय होतं?" म्हणाले, "आपल्या जत्रेतून चालून बघ. पावलापावलाला कुणी नमस्कार म्हणून 'शरणार्थ' म्हणतं, हात धरून थांबवतं. माणूस तोच, पण चाल जड होते. लई गार केलं की ह्या स्फटिकात इलेक्ट्रॉनचं असंच होतं बघ."

पुढं त्या व्हरांड्यातून सर स्वतःच जड पावलानं जायचे. शरणार्थ म्हणायला मात्र कुणी थांबत नव्हतं. हातातला स्फटिक अर्धाच राहिला, अन् सर गेले, लिंगैक्य झाले.

आता ते ऑफिसही दुसरीकडं गेलं. खोलीत मोडक्या खुर्च्या हायत अन् दाराला कुलूप हाय. भट्टी गंजतेय. तो स्फटिक मी पुरा करीन. काकूंना तसा शब्द दिलाय.

साहेब, सरांचं नाव रस्त्याला देऊ म्हणालात. नको. खोलीची किल्ली तुमच्या खिशात हाय, ती फोटोपुढं ठेवा.

मंडळी, उठा. गप्प उभं राहू. घड्याळ कुणी बघू नका. किल्ली टेबलावर वाजली, की बसू.

सर, शरणार्थ.