राकेशचा नमस्कार

— नाय नाय, प्लास्टिकचे पट्टे मी लावतच नाय. तुला लय हौस असंल तर घरी जाऊन लाव, पण माझ्या हातून नको. माझ्याकडं तारा दोऱ्यानं बांधायच्या. ही गाठ बघ. गजऱ्याची हाय. एक फेर, एक अडक, पुढं सरक — आमच्या मखमलाबादला पोरी पाटी-पेन्सिल धरायच्या आधी ही गाठ शिकतात. तुझ्या या गेम खेळायच्या डब्यात केवढा तारांचा गुंता होता, आता कसा गप बसलाय बघ. आणि उद्या एखादं बटण गेलं तर कापाकापी नको, हे टोक ओढलं की मोकळं. बस की, उभा का? ते मिक्सरचं भांडं खाली ठेव. कुणीतरी दुरुस्तीला टाकलं आणि विसरलं, आता मीच त्यात चटणी वाटते. आणि मॅडम नको म्हणू बाबा. मावशी म्हण.

तू आधी स्वतः खटपट केलीस ना याच्याशी? लाजतो कशाला, सगळेच करतात. रिमोट उघडला — हां, तुम्ही कंट्रोलर म्हणता, मला रिमोटच येतं तोंडात — त्याचाच बोर्ड या डब्यात बसवायचा, तर तो उघडला की आत बटणाखाली काळे ठिपके दिसतात. माणसाला वाटतं, इथंच चिकटवायची तार. पण त्या काळ्यावर सोल्डर धरतच नाय. मग तो चिडतो, गरम टोक दाबून धरतो, आणि खालचं तांबंच उचकटून हातात येतं. तुझंही आलेलं. काळं ब्लेडनं हळूच खरवडायचं, तांबं चमकलं की हात थांबवायचा. पोळीवरचं जळकं काढतो ना, तेवढाच हात. तुझा ठिपका तर गेलाच होता, पण तांब्याची रेघ बोर्डावर पुढं जाते की नाय — मी पुढनं तार घेतली. चालतंय. वर गरम गोंदाचा थेंब टाकलाय, आता ओढलीस तरी निघायची नाय. ओढू नको पण.

हा, दांडा बघू या आता, तुमची ती जॉयस्टिक. या जुन्या कॉम्प्युटरला लावते, थांब. खाली — लागलं. परत खाली — लागलं. आता डावं, उजवं, वर. हसलास का? अरे, मी आधी खालीच बघते. पडद्यावरचा गडी दोनदा खाली बसतो ना, तो नमस्कार. कुठलंही काम सुरू करताना आपण वाकतो की नाय? पहिलं गिऱ्हाईक आलं की माझी सासू टोपलीला हात लावून कपाळाला लावायची. मी खेळायच्या आधी गड्याला दोनदा वाकवते. हो, खेळते मी. नुसती बनवत नाय. बनवणाऱ्याला खेळता नको यायला? अमोलसुद्धा असाच हसायचा. म्हणायचा, आई, तू पाया पडत बसशील आणि समोरचा तेवढ्यात लाथ घालंल. घातली तर घातली. त्यानं काय माणसानं वाकायचं सोडायचं?

अमोल म्हणजे माझा पोरगा. दुकान त्याचंच हे, बाहेर पाटीवर नाव हाय बघ. मी आपली त्या कोपऱ्यात गजरे करत बसायची आणि हा इथं बोर्ड जाळायचा. बघून बघून आलं मला. तो गेला तेव्हा टेबलावर अर्धे डबे उघडे होते, लोक हेलपाटे घालत होते. मी म्हणलं, पोराचं नाव खराब नको व्हायला. बसले. बोटं भाजली. पण फुलं ओवणाऱ्या बाईला बारीक कामाची भीती नसते.

— कुठं गेला म्हणजे? बेंगळुरूला. नोकरीला. गेम बनवायच्या कंपनीत. म्हणजे चांगलंच झालं की. हां — भांडून गेला. आता विचारलंस म्हणून. त्याच्या वडलांचं म्हणणं, घरची फुलं हायेत, दुकान हाय, तुला काय कमी? हा म्हणला, मला गेमच बनवायचे. मग एक दिवस यांनी रागात त्याची स्टिक उचलली आणि विहिरीत टाकली. त्यानं स्वतः बनवलेली, पहिली. अमोलनं बॅग भरली आणि गेला. हे दुसऱ्या दिवशी मोटार लावून विहीर उपसत होते, सगळ्या मळ्यासमोर. सापडली. पण तांबं एकदा गंजलं की गंजलं. अजून पडवीत ठेवलीय त्यांनी, कुणाला हात लावू देत नाय.

फोन लागतो की. न लागायला काय झालं. जेवलास का — हो. बरा हायेस का — हो. दिवाळीला येतो का — बघू. आणि मग, आई मीटिंग हाय, ठेवतो. एवढंच. आणि राकेशबरोबर रोज खेळतो.

राकेश... जाऊ दे. चहा घेतोस? साखर चालंल ना? — अरे, राकेश म्हणजे मीच. आता तोंडातून गेलंच तर ऐक. ऑनलाइन खेळायचं तर नाव लागतं, मी राकेश टाकलं. काय टाकायचं मग, अमोलची आई? त्याचं तिथलं नाव मला माहीत होतं, गोटीराम, आजोबांचं घेतलंय त्यानं. शोधलं, सापडला. पहिल्यांदा त्यानं मला असं धुतलं, असं धुतलं, की मला लय बरं वाटलं. हात तसेच हायेत त्याचे. उडी मारतो, खाली येताना लाथ, लहानपणापासून तीच खोड. रोज चार वाजता त्याला चहाची सुट्टी असते, आणि इथं राकेश हजर. मला राकेश भाई म्हणतो. मला. लिहितो पण खाली — राकेश भाई, आज सायबानं लय झापलं. राकेश भाई, इथलं सांबार गोड असतं. मला कधी सांगतो का सांबाराचं? परवा लिहिलं, ताप हाय. मी लिहिलं, तुळशीचा काढा घे, आलं टाक, आणि पंखा बंद करून झोप.

हसू नको. माहिती हाय मला, कुठला राकेश काढा घ्यायला सांगतो. पण गेलं ते लिहून, पुसायचं कसं ते मला येत नाय. तो म्हणला, घेतो भाई. मी आई म्हणून सांगितलं असतं तर मीटिंग आली असती.

— छे, कसं कळंल त्याला? नमस्कारावरून? जगात दुसरं कुणी नमस्कार करत नाय का? काय तुझं. नाय रे बाबा. त्याला कळायलाच नको, तेवढं एकच मागते मी. कळलं की समोर आई बसलीय, की तो लाजंल, मग चिडंल, मग उद्यापासून चार वाजता कुणी येणार नाय. मग मी काय करायचं इथं, लोकांचे मिक्सर? संध्याकाळी मळ्यातनं येऊन हे विचारतात, आज राकेश जिंकला का. पोराचं नाव नाय काढत. राकेशचं विचारतात. मी म्हणते हरला. मग हात-पाय धुतात आणि दोन घास जास्त जेवतात. सध्या दसऱ्याच्या झेंडूचा तोडा चाललाय, तरी एवढं विचारायला विसरत नायत. तू कुणापाशी बोलू नको हां. तुमचे ग्रुप असतात, तिथं तर नकोच.

तुझा डबा पिशवीत भर आता. नाय, असा नको दाबू, तार वाकंल — थांब. वाजलं. बघितलंस? गोटीराम. चहाला आला वाटतं माझा वाघ. माझा दांडा दे तो इकडं, लाल गोळ्याचा. तू बस पाहिजे तर, बघ आईला पोरगा कसा बडवतो. चला. खाली. परत खाली. झाला नमस्कार. ये आता, मार उडी.

— का नाय हलत हा? लाइट गेली का काय तिकडं? नेट असंल. कुठं बघ म्हणतोस?

त्याचा गडी खाली बसला. उठला. परत बसला.

नाय, मारत नाय. माझ्या पुढ्यात येऊन... कधीपासून रे? काढ्यापासून? का पहिल्या दिवसापासून? पडद्यावर वरती वेळ संपत चाललाय नुसता, आणि हा उठतो आणि वाकतो, उठतो आणि वाकतो —

डबा घे बाळा तुझा. चहा राहिला, परत कधी ये. नाय, मला काय झालं नाय. शटर अर्धं ओढून घे जाताना आणि तो रस्त्यापलीकडचा फूलवाला दिसतोय ना, त्याला म्हणावं, मळ्यात फोन लाव, आमच्या मालकांना सांग, हाय तसे दुकानावर या. झेंडूची पाटी तिथंच टाका म्हणावं. जा, बघतोस काय. जा.