खिडकीकडची रांग

दातांच्या दवाखान्यात गाल सुजवून बसलेल्या ड्रायव्हरला तोंड उघडायची सोय नव्हती; ऐकणं तेवढं हाती होतं. आत मशीन घरघरत होतं. समोर एक आई, तिची मुलगी आणि मुलीच्या उजवीकडे, अचानक भेटलेल्या तिच्या वर्गाच्या बाई.

बाई सांगत होत्या, "मलाच कळेना झालंय हो. दाराकडच्या रांगेत पटापट उत्तरं देते. मुलांच्या डाव्या हाताला खिडकी आहे, तिकडे गेली की नुसती ठोंब्यासारखी."

"मग तिकडे बसवूच नका."

"असं कसं? दर सोमवारी रांगा बदलतात. सगळ्यांना सारखा न्याय."

"बाहेर बघत बसत असेल."

"छे हो, माझ्या तोंडाकडे टक लावून असते!"

"काय गं, खिडकीपाशी काय होतं तुला?"

"तिकडे बाई हळू बोलतात, आई."

"मी? अगं, माझा आवाज शेजारच्या वर्गात जातो!"

"बाबांनाही असंच म्हणते ही. जेवताना ते शेजारी बसून घसाफोड करतात, तरी म्हणे हळू बोलता."

"कुठल्या बाजूला बसतात ते?"

"उजव्या. का हो?"

ड्रायव्हरलाही काही उमजेना. बाई जागेवरूनच म्हणाल्या, "बाळा, इकडे बघ."

मुलगी आईकडेच बघत राहिली.

"आई, बाई रागावल्या का गं? काहीच बोलत नाहीत."