अण्णांना न म्हटलेलं एफखारिस्तो

वहिनी, आणि नागापूरच्या कारखान्यातली पाळी संपताच तसेच इकडे आलेल्या मित्रांनो,

हा फळा अण्णांनी केला. ही तीन बाकं त्यांनी केली. ही चोवीस ग्रीक अक्षरं त्यांनी सागाच्या फळीतून कोरली, प्रत्येक दीड इंच. मी पट्टीने मोजली आहेत. आमच्या वह्यासुद्धा त्यांनीच शिवल्या. त्यांच्याच खोलीत उभं राहून अण्णा 'होते' म्हणायचं, हे मला जड जातंय. सांभाळून घ्या.

अण्णा बारा वर्षं ग्रीक बोटीवर फिटर होते. नगरला परतल्यावर, बोटीवर नोकरी धरू पाहणाऱ्यांना ते संध्याकाळी ती भाषा शिकवत. मी कुठेच जाणार नव्हतो. मी लेथवरचा माणूस. इंग्रजी माझी मी शिकलेलो, ग्रीकची हौस म्हणून आलो.

पहिला धडा आभारांचा: एफखारिस्तो, म्हणजे आभारी आहे. वहिनींनी चहा आणला. आम्ही सहाही जणांनी मुकाट्याने कप उचलले. आपल्याकडे घरात कोण आभार मानतं? अण्णा ओरडले, "अरे, बोटीवरचा आचारी तुम्हाला मग्रूर समजेल!" मग आम्ही सुटलोच. चहाला एफखारिस्तो, बशीला एफखारिस्तो, साखरेला एफखारिस्तो. वहिनी म्हणाल्या, "पुरे करा की! मी काय परकी हाय व्हय?" अण्णा हसत म्हणाले, "आचारीपण मला हेच म्हणाला होता."

मग त्यांनी दुसरं वाक्य दिलं. कुणी हाताने काही करून दिलं, की म्हणायचं: या स्ता हेर्या सास. तुमच्या हातांना आरोग्य लाभो. हे मात्र आम्हाला लगेच पटलं. वहिनींना आम्ही ते रोज म्हणायचो.

आणि अण्णांना? एकदाही नाही. मी तर उलट बाहेर सांगत फिरलो, ग्रीक माझी मीच शिकलो. वहिनी, तुमच्या कानावर ते आलं असेल. खोटं होतं ते.

गेल्या रविवारी भेटायला आलो. अण्णांचे हात थरथरत होते. ते हातांचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. आणि मी काय केलं? त्यांच्या जुन्या वहीतली एक चूक काढून दाखवली. "बरोबर आहे तुमचं, दत्तोबा," म्हणाले. मी खुशीत सायकल मारत घरी गेलो. मंगळवारी अण्णा गेले.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. त्याआधी, काल वहिनींनी सांगितलेलं तुम्हाला सांगतो. आम्हा सहांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. बाहत्तर साली मुंबईच्या एका जहाज एजंटाने अण्णांना खलाशांना शिकवायला बोलावलं होतं. अण्णांनी उत्तर धाडलं, इथला सहा जणांचा वर्ग अर्ध्यावर आहे, मला येता येणार नाही. एजंट काय देत होता? राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि महिना सहाशे रुपये.