फजिती बघवत न्हाय

…न्हाय न्हाय, आधी त्यो टीवी बंद करा, मग बसतो. च्या नको, पानी नको, आधी टीवी. आवाज कमी करून भागत न्हाय हो, चित्र दिसतंच की. ती बाई बघा, दुधाचा गिलास घिऊन जिना चढायली, आन् वर सासू तिचं कपाट उघडून चिठ्ठ्या वाचायली... आता ही दार उघडनार... आता व्हणार... बंद करा म्हनलं ना.

हां. आता जिवात जीव आला.

तुमी हसायलेत. हसा. आमच्या घरात बी चाळीस वर्सं हसायलेत. तुमाला सांगतो, लांडग्याच्या मागं काठी घिऊन पळालोय मी, इहिरीत पडलेलं मेंढरू दोरावर उतरून काढलंय, तवा भ्यालो न्हाय. पन टीवीत कुनी खोटं बोलला आन् ते उघडं पडायची येळ आली की माझ्या मानंवर कुनीतरी गार हात ठिवतंय. कान गरम, पायाची बोटं चपलीत वळत्यात. त्या मानसाला काय म्हाईत नस्तंय, गानं म्हनत यायलाय बिचारा, आन् हिकडं मला म्हाईत हाय. आता व्हणार. मग काय, उठतो आन् भायेर मेंढरात जाऊन उभा ऱ्हातो. मेंढरांचं एक बरं हाय, कुनी कुनाला हसत न्हाय.

हरणाबाई, आमची मालकीन, आतनं हाक मारती, "या आता." मी इचारतो, "झालं का? लई झालं का?" तर म्हनती कशी, "कशाचं झालं, जाहिरात लागलीया." म्हंजी अजून व्हायचंच हाय. आता त्या साबनाच्या जाहिरातीत मानसानं कुठं तोंड लपवावं?

तरनेपनी भूमला तंबूतला शिनेमा आलता. त्यात हीरो नकली दाढी लावून पोरीच्या घरी जेवाया बसला. पोरीचा बाप समोर. आमटी वाढायलेत, वाफ दाढीला लागायली, एका बाजूनं डिंक सुटायला... म्या तंबूची कनात उचलली आन् खालून भायेर. आत दोस्त हसून लोळायलेत, आन् मी रसाच्या गाड्यापाशी कानात बोटं घालून उभा. त्या दाढीचं पुढं काय झालं, मला आजपत्तूर म्हाईत न्हाय. सांगू बी नका.

आन् असा मी कोन? तर गावातला एक लंबरचा खोडकर. बजरंगचं धोतर एश्टी स्टँडच्या बाकड्याला कुनी बांधलं? म्या. सरपंचाच्या भाषनाआधी भोंग्यात कोंबडी कुनी बसिवली? म्या. कायबी झालं की गाव म्हनतंय, बघा, बिराप्पा कुठं हाय. आन् बिराप्पा तितं नस्तोयच.

माझी नात मंजुषा, भागवतची लेक, धाराशिवला कालेजात पुस्तकं सांभाळती. ती ल्हानपनापसनं माझ्यावानीच. टीवीत कुनाची फजिती व्हायली की माझ्याआधी भायेर. आजा-नात मेंढरात उभी, आन् आत समदं घर टाळ्या पिटायलंय. त्या पोरीनं धाराशिवला डाक्टरीनबाईला दाखिवलं, आन् एक शब्द घिऊन आली. ऑटिझम. म्हनली, "आबा, तुमी बी चला."

गेलो. बाई इचारायली, "आजोबा, लहानपणी एकटं राहायला आवडायचं का?" म्या म्हनलं, "एकटा कवा व्हतो, दोनशे मेंढरं व्हती की." "माणसांचे चेहरे लक्षात राहतात?" "मेंढरांचं इचारा, दोनशेच्या दोनशे वळखतो." ती लिहायली, लिहायली, आन् मधीच मान वर करून म्हनली, "तुम्ही खोड्या करता म्हणे. मग लोकांची फजिती बघून कसं वाटतं?"

  कसं वाटतं? मला काय म्हाईत? मी कुठं थांबतो? खोडी लावली की मी पसार. लोक म्हनत्यात, बिराप्पा लई हुशार, घावत न्हाय. हुशार कशाचा आलाय... सत्तर वर्सं खोड्या करायलोय, आन् माझी एक बी खोडी म्या सोता बघितलेली न्हाय.

बाई म्हनली, "हा आजार नाही आजोबा, तुमच्या दोघांच्या डोक्याची ठेवणच तशी आहे." म्या म्हनलं, "मग ऱ्हाऊ द्या तशीच, आता कुठं हालवायची."

पुढं मंजुषाचं लगीन ठरलं, उमरग्याकडं. नवरदेवाचा बाप शिवप्पा. पांढरंफेक धोतर, पांढराफेक शर्ट, डोस्क्यावर एक केस न्हाय, आन् दात म्हनाल तर बैठकीत दोनदा दिसले, ते बी सुपारी फोडताना. मला ऱ्हावलं न्हाय. लगनात याह्याला, म्हंजी नवरदेवाच्या बापाला, टावेल-टोपीचा मान द्यायची आपली रीत. त्याच्या टोपीच्या आतल्या पट्टीत म्या जांभळा रंग भरला. मेंढरांच्या पाठीवर खूण करतो ना आमी, त्योच. सुका हाय तंवर गप ऱ्हातोय. घाम लागला की उतरतोय, आन् उतरला की म्हयनाभर निघत न्हाय. बारा पस्तीसचा मुहूर्त, मे म्हयना, टकलं डोस्कं. लई खूश झालो. आन् रंग उतरल तवा आपून भायेर, नेहमीवानी.

लगनाच्या दिवशी सकाळी मंजुषानं माझा हात धरला. म्हनली, "आबा, आज कुनाची खोडी करू नका. माझी फजिती झाली तर मी सोसन. दुसऱ्याची झाली तर मी मांडवातनं उठून जाईन बघा. मला आडवता येनार न्हाय सोताला." म्या म्हनलं, "न्हाय गं माय." आन् पळालो टोपी काढाया. तर टावेल-टोपीची मानाची ताटं मांडवात गेलती.

मांडवात गेलो तर काय बघतो... भिंतीएवढा टीवी. खरं सांगतो, भिंतीएवढा. फोटूवाला जे दावील ते तितं, शिवप्पाचं नाक एश्टीच्या दाराएवढं. मी ताटाकडं जायलो, तर दोघांनी खांद्याला धरून कोचावर दाबला, "आजोबा, तुमी मानाचे, तुमी बसा." उठलो, परत दाबला. माइकवाला सुरू, "वरपिता आदरणीय शिवप्पासाहेब यांचा यथोचित सत्कार वधूपिता भागवतराव यांनी करावा अशी मी त्यांना नम्र इनंती करतोऽ." आन् माझ्याच लेकानं ती टोपी शिवप्पाच्या डोस्क्यावर ठिवली. चापून बसिवली वर.

आता व्हणार.

ह्या येळंला कनात न्हाय, मेंढरं न्हाय. भिंतीवर शिवप्पाचं कपाळ, त्याच्यावर घामाचा एक थेंब, मोठा व्हायला... म्या मंजुषाकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघायली. तिला कळलं. माझ्या तोंडावरनंच कळलं तिला. हारातली फुलं मोजायली, एक-एक, आन् पाय पाटावरनं खाली घ्यायली, उठायला. लगीन व्हायच्या आत नवरी उठनार... आन् आमच्या डोस्क्याची ठेवन कुनाकुनाला सांगत बसावं?

मग म्या काय केलं? शिवप्पाच्या डोस्क्यावरची टोपी हिसकली.

वाजंत्री बंद. तुमाला सांगतो, हजार मानूस, आन् पंख्यांचा तेवढा आवाज. याह्याची टोपी उतरिवली म्हंजी काय ते तुमाला मी सांगाया नको. म्या म्हनलं, "ह्यांची टोपी भारी आन् माझी हलकी व्हय? आजा मी हाय. मान माझा." आन् घातली डोस्क्यात. भागवत काकुळतीला आला, "आबा, समद्या टोप्या एकाच डझनातल्या हायत वो." शिवप्पा उठला. लेकाकडं बघून म्हनला, "चल. ज्या घरात टोपीवरनं भांडनं हायत तितं आपली सोयरीक न्हाय." आन् निघाला दाराकडं.

आता एकच गोष्ट लगीन वाचिवनार व्हती. रंग. त्यो माझ्या तोंडावर उतरला की टोपी कामून हिसकली ते समद्यांला कळनार. आन् काय सांगू, घामच येईना. सत्तर वर्सं उन्हात वाळलेलं डोस्कं हाय हे, कोरडं ठनठनीत. उभ्या जन्मात पैल्यांदा म्या देवाला म्हनलं, व्हऊ दे बाबा फजिती, लवकर व्हऊ दे. आता व्हणार, आता व्हणार... व्हईना. शिवप्पा दारात. एक पाय भायेर. नवरदेव बी उठला. म्या टोपी दोन्ही हातानं दाबली, तोंड लाल केलं, श्वास कोंडला... आन् कानामागनं एक गार ओघळ खाली आला.

भिंतीवर दिसला. जांभळा. कानावनं गालावर, गालावनं मिशीत. एक लेकरू कुठंतरी खुदकन हसलं, मग बाया, मग समदा मांडव. शिवप्पा दारातनं वळला. भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, सोताच्या टकलावर बोट फिरिवलं आन् बोटाकडं बघितलं. जांभळं. सावकाश परत आला, माझ्यासमोर उभा ऱ्हायला.

"ही माझ्यासाठी व्हती?"

"व्हय पावनं."

"मग काढली कामून?"

म्या म्हनलं, "मला बघवत न्हाय."

तवा त्याचे दात तिसऱ्यांदा दिसले. बसला. लगीन लागलं. मंजुषानं पाय पाटावर सरळ ठिवले. नंतर रुमालानं माझा कान पुसायली, म्हनली, "लई झालं का आबा?" म्या म्हनलं, "न्हाय गं. आपली सोसती."

हे बघा, कान. म्हयना झाला, अजून हाय जरासा.

पन भानगड पुढंच हाय. त्या फोटूवाल्यानं ते मोबाईलवर टाकलं. जिल्हाभर फिरायलंय. हरणाबाई रोज च्यासंगं टीवीवर लावती, पावन्यांना बसवून दावती. आन् मी बघाया जातो, तर तितं त्यो म्हातारा टोपी दाबून उभा, त्याचा श्वास कोंडलेला... आन् माझ्या मानंवर गार हात. मीच हाय, म्हाईत हाय मला, तरी बी. टीवीत गेला की त्यो दुसराच कुनीतरी म्हातारा व्हतोय, आन् दुसऱ्याची...

तुमी खिशातनं मोबाईल काढायलेत. दिसायलंय मला. बरं, लावा. मी भायेर उभा ऱ्हातो. रंग मिशीत आला की हाक मारा.