तळं उंबऱ्याशी येतं

…नाही, जागा आमची, उतारा आमच्या नावावर, मागची भिंत खचली ती आमची, पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहतोय ते आम्ही, आणि घर बांधायची परवानगी मागायला गेलं की जो तो आम्हालाच सांगतो, जागा सोडा! तुम्हाला सांगते बायांनो, एवढ्या वेळा 'जागा सोडा' मी एसटीत पण ऐकलं नाही!

आमचं घर तळ्याकाठी. गाव संभाजीनगरच्या हद्दीत गेलं, त्याबरोबर तळं पण हद्दीत गेलं आणि मागोमाग नियम आले. जागा केवढी? वाळवणाला दोन साड्या टाकल्या की तिसरी शेजारच्या सांडूभाऊंच्या अंगणात लोळते, आणि सांडूभाऊ लगेच, "ओ वैनी, साडी उचला, हद्द ओलांडली!" त्यांच्याकडं ना-हरकतीची सही मागायला गेलं तरी तेच, "आधी साड्या आवरा, मंग सहीचं बघू!"

ऑफिसातले साहेब तसे गरीब स्वभावाचे. नकाशा पसरला आणि म्हणाले, "ताई, तळ्याकडून जागा सोडा. रस्त्याकडून जागा सोडा. दोन्ही शेजाऱ्यांकडून जागा सोडा." आमचे हे पेन्सिलीनं सोडत गेले, सोडत गेले… शेवटी मधे जे उरलं ना, त्यात तुळस मावली असती, आणि ती पण अंग चोरून! मी म्हटलं, "साहेब, यात आमच्या आत्याबाई झोपतील कुठं?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सरूबाई. गुडघे गेलेत, पण तळं दिसल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. आणि भाड्याच्या खोलीतून दिसतं काय? पिठाची गिरणी! लग्न होऊन आल्यापासनं तळं बघत उठलेली बाई, गिरणीकडं पाठ करून अर्धा कप चहा पिते आणि अर्धा तसाच ठेवते. बघवत नव्हतं हो मला. त्यांच्या डोळ्यांदेखत घर परत तिथंच उभं राहावं, एवढंच माझं मागणं.

साहेब म्हणाले, "लहान जागेला सूट मिळू शकते. पण तळ्याचं पाणी घरापर्यंत येत असेल, तर सूट विसरा. मी येऊन बघतो."

आले. उन्हाचे आले बिचारे, तळं पार तळाला गेलेलं. टेप काढली, आणि आत्याबाईंना सहज विचारलं, "आजी, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं हो?"

आता बघा, तळं भरलं की आमच्या बायका काठावर जाऊन तळ्याची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. आत्याबाईंना उतरवत नाही, म्हणून मी तळ्याचं पाणी कळशीत आणते, उंबऱ्यावर ठेवते, आणि त्या कळशीची ओटी भरतात. पण लोकांत सांगताना…! पदर सावरला, मान ताठ केली, "कुठवर? अहो, माझ्या उंबऱ्याशी येतं! दरसाल! बाकीच्या बाया जातात खाली, माझ्याकडं तळं सोता चालत येतं ओटी भरून घ्यायला!"

साहेबांनी टेप गुंडाळली. टर्रर्र! तो आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणाले, "मग कशाची सूट, ताई? तुम्हाला अख्खीच जागा सोडावी लागेल."

मी म्हणते, "अहो नाही साहेब, ती कळशी…" तर आत्याबाईंनी असं बघितलं माझ्याकडं! आणि काठावर धुणाऱ्या बायका धुणं थांबवून ऐकतायत. हे म्हणाले, "आई, खरं सांग ना गं." "किस्ना! म्हंजी मी खोटी व्हय? तळं येत नाय माझ्याकडं?" घर वाचवावं का म्हातारीचा मान? मी आपली त्यांचा पदर सारखा करत बसले. हसू नका, तुम्ही तरी काय केलं असतं?

आणि तेवढ्यात कुंपणावरनं सांडूभाऊ! "अहो साहेब, कशाचं आलंय चालत! ही सुरेखावैनी आणती कळशीनं, बिचारी! दरसाल बघतो मी. पाणी त्या खालच्या काठावरल्या चिंचेच्या बुडाला शिवलं नाय कधी, माझा बाप पण हेच सांगायचा. ह्या म्हातारीची फुशारकी ऐकून कान किटले माझे!"

"सांड्या!" आत्याबाई कडाडल्या, "यंदा परसाद नाय तुला!"

आणि मी? देवाशपथ सांगते, त्या भांडकुदळ माणसाला मी मनातल्या मनात तिथंच ओवाळलं! साहेबांनी टेप परत उलगडली, चिंचेपासून घरापर्यंत मापलं, आजूबाजूच्यांना विचारलं, आणि म्हणाले, "सांडूभाऊ, हे लिहून द्याल?" "देतो की! म्हातारीच्या म्होरंच देतो!" एक सही देईना तो माणूस, आत्याबाईंना खोटं पाडायच्या आनंदात ना-हरकतीवर पण सही ठोकून मोकळा!

सूट मिळाली हो! मी त्या ऑफिसच्या पायरीवर बसून रडले, आणि शिपाई काय म्हणाला माहितीये? "बाई, जागा सोडा, येण्याजाण्याची वाट आहे." सोडली बाबा! हसत सोडली!

अट एकच, जोतं उंच घ्या. घेतलं. घर लहानच झालं, पण आत्याबाईंच्या खिडकीत अख्खं तळं. पहिल्या सकाळी त्यांनी कप संपवला आणि म्हणाल्या, "सुरेखा, अजून आहे का गं?" मी उगाच गॅसकडं तोंड करून उभी राहिले.

आणि यंदा तळं भरलं. आत्याबाई उंबऱ्यात ऐसपैस बसलेल्या, पायरीवर सांडूभाऊ, परसादाला सगळ्यांच्या आधी हजर! मी कळशी कमरेवर घेऊन काठावरनं वर, मग त्या उंच जोत्याच्या पायऱ्या… चढते, थांबते, परत चढते… आणि वरनं आवाज येतो, "बघ सांडू! आलं का नाय चालत? सरक तिकडं, जागा सोड, तळ्याला येऊ दे!"

येतं हो, आमच्या उंबऱ्याशी तळं दरसाल येतं… यंदापासनं फक्त जरा धापा टाकतं.